दोघांचाच जपान प्रवास: दिवाळीनंतरची आखणी

मृद्गंध (पुणे)

नमस्कार. भाऊबीज आटोपली की, म्हणजे १३ नोव्हेंबर २०२६ च्या सुमारास, मी आणि माझे यजमान जपानला जाण्याचा विचार करीत आहोत. आम्ही दोघेही पन्नाशी ओलांडलेले आहोत आणि पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. लग्नानंतर आजवर जे फिरणे झाले ते सासूसासरे, मुले, नणंदा अशा भरल्या घरासोबत झाले आणि त्याची गोडी वेगळीच होती. परंतु दोघांनीच ठरवायचे, दोघांनीच निभवायचे असा परदेश प्रवास आम्ही प्रथमच करणार आहोत, म्हणून अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे.

जपानच का, याचे आमचे उत्तर एक नाही. यजमानांना शाळेपासून आगगाड्यांचे वेड आहे, आणि हिरोशिमाचे संग्रहालय पाहायचे हे त्यांनी कॉलेजात असतानाच मनाशी ठरवले होते. मी गेली काही वर्षे मातीची भांडी घडविते. ओकायामाजवळ बिझेन येथे झिलई न देता, केवळ लाकडाच्या आचेवर भाजलेली भांडी होतात, ती मला प्रत्यक्ष हातात घेऊन पाहायची आहेत. शिवाय आमच्या घराजवळचे पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या ज्या कोराकुएन बागेवरून बेतले आहे, ती मूळ बाग पाहण्याची ओढ आम्हा दोघांनाही आहे.

पहिला आराखडा असा केला आहे: टोकियोला उतरायचे, तेथून हाकोने, क्योतो, नारा, ओसाका, हिरोशिमा, मियाजिमा बेट, परतीच्या वाटेवर ओकायामा आणि पुन्हा टोकियो. एकूण बारा रात्री आणि सात मुक्काम होतात. यजमानांचा उजवा गुडघा दुखरा आहे, ते चालतात पण जिने फार झाले की त्यांना बसावे लागते. मी पूर्ण शाकाहारी आहे, ते मासे खातात. रेल्वेचा देशभर चालणारा पास घ्यावा का, शाकाहाराचे काय करावे, आणि मुळात या वयात स्वतःच्या जबाबदारीवर जावे की एखाद्या सहल कंपनीबरोबर, हे माझे मुख्य प्रश्न आहेत.

वाटसरू (नाशिक)

मृद्गंधताई, माझे मत स्पष्टपणे मांडतो. पहिलाच स्वतंत्र परदेश प्रवास असेल आणि भाषा पूर्ण अनोळखी असेल, तर चांगल्या सहल कंपनीबरोबर जाण्यात काहीच कमीपणा नाही. आम्ही उभयता असेच गेलो होतो. सकाळी बस दाराशी उभी असते, सामान कोणी तरी उचलते, दुपारी आणि रात्री आपल्या पद्धतीचे जेवण मिळते आणि एखाद्याची तब्येत बिघडली तर धावपळ करायला सोबत माणूस असतो. गुडघ्याचे दुखणे असताना स्टेशनातल्या जिन्यांशी झुंजण्यापेक्षा हे बरे, असे मला मनापासून वाटते.

घाटमाथा (कराड)

वाटसरू यांनी सांगितलेली सोय खरी आहे आणि अनेकांसाठी तोच मार्ग योग्य ठरतो. पण मृद्गंधताईंनी ज्या गोष्टींसाठी जायचे म्हटले आहे, त्यांतील बिझेन आणि कोराकुएन ही नावे गटसहलीच्या कार्यक्रमात सहसा नसतात. तेथे टोकियो, फुजी, क्योतो, ओसाका आणि जमल्यास हिरोशिमा एवढेच असते. ज्या दोन गोष्टींसाठी पदरचे पैसे खर्चून निघायचे, त्याच वगळलेल्या कार्यक्रमाला केवळ सोयीसाठी होकार द्यावा का, याचा विचार दोघांनी बसून करावा.

आता आराखड्याविषयी. तुमचा आराखडा मला नकाशावरून केलेला वाटतो, माणसांवरून केलेला वाटत नाही. आमच्या घरी आम्ही वेगळी पद्धत ठेवली आहे. नकाशा उघडण्यापूर्वी दोघांनी स्वतंत्रपणे, एकमेकांचे न पाहता, ज्यांच्याशिवाय परत यायचे नाही अशा तीन गोष्टी लिहायच्या. त्यानंतर याद्या समोरासमोर ठेवायच्या. त्या सहा गोष्टींना धक्का लावायचा नाही आणि बाकी सगळे वाटाघाटीचे. हे केले नाही तर बहुतेक घरांत एकजण सगळे ठरवितो आणि दुसरा 'तुम्ही म्हणाल तसे' म्हणतो. हा समजूतदारपणा आठ-दहा दिवस टिकतो आणि मग एखाद्या क्षुल्लक कारणावरून, भर रस्त्यात, पाय दुखत असताना त्याचा बांध फुटतो. परदेशात दोघांना एकमेकांखेरीज बोलायला कोणी नसते, म्हणून असे भांडण घरच्यापेक्षा जास्त जिव्हारी लागते.

दुसरी गोष्ट वेगाची. दिवसाचा वेग दोघांपैकी जो हळू चालतो त्याचा असावा, आणि हे त्याला उपकार म्हणून न सांगता आधीच कागदावर मांडावे. सात मुक्काम म्हणजे सात वेळा सामान बांधणे आणि सोडणे. दुखऱ्या गुडघ्याला जिन्यांपेक्षा जास्त त्रास बॅगेसह चढलेल्या जिन्यांचा होतो. मुक्काम तीनच ठेवा आणि तेथून दिवसभराच्या फेऱ्या करा.

एदोगावाकर (टोकियो)

मी पूर्व टोकियोतील निशी-कासाई भागात राहतो. हा भाग एदोगावा प्रभागात येतो आणि येथे भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. मूळचे पुण्याचे योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच प्रभागाच्या सभेवर निवडून आले होते, हे अनेकांना आठवत असेल.

घाटमाथा यांनी म्हटल्याप्रमाणे तीन मुक्काम योग्य आहेत, पण त्यांचा क्रम तारखांवरून ठरवावा लागेल. २३ नोव्हेंबरला जपानमध्ये श्रमाप्रति कृतज्ञतेची राष्ट्रीय सुटी असते आणि २०२६ मध्ये त्या दिवशी सोमवार आहे. म्हणजे २१ ते २३ अशी सलग तीन दिवसांची सुटी, आणि तीही क्योतोत मेपलची पाने लाल होण्याच्या ऐन हंगामात. त्या तीन दिवसांत क्योतोच्या तोफुकुजी किंवा एइकान्दो मंदिरांत रांगा लागतात, बसमध्ये उभे राहायला जागा नसते आणि खोल्यांचे दर चढलेले असतात. तुमच्या मूळ क्रमाने तुम्ही नेमके तेव्हाच त्या बाजूला असता.

म्हणून प्रवास उलटा करा. मुंबईहून एका थांब्याने ओसाकाच्या कान्साई विमानतळावर उतरा आणि परतीचे विमान टोकियोहून घ्या. अशी येण्याची आणि जाण्याची वेगवेगळी शहरे असलेले तिकीट एकाच आरक्षणात काढता येते आणि एक मोठा रेल्वेप्रवास वाचतो. शनिवारी १४ तारखेला उतरून थेट ओकायामा गाठा. विमानतळावरून 'हारुका' गाडीने शिन-ओसाका आणि तेथून शिनकान्सेन या अतिजलद गाडीने पाऊण तासात ओकायामा. तेथे तीन रात्री, मग मंगळवार १७ पासून क्योतोत चार रात्री, आणि शनिवारी २१ ला टोकियो. मधल्या वारी क्योतो तुलनेने सुसह्य असते. पाने पूर्ण रंगलेली नसतील, कारण अलीकडे रंगाचा भर नोव्हेंबरच्या अखेरीकडे सरकला आहे, पण बऱ्याच बागांत रंग चढू लागलेला दिसेल.

पासचा हिशेब सांगतो. देशभर चालणाऱ्या सात दिवसांच्या जेआर (जपान रेल्वे) पासची किंमत ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येन करण्यात आली, तेव्हापासून बहुतेक पर्यटकांना तो परवडेनासा झाला आहे. तुमच्या मार्गासाठी कान्साई-हिरोशिमा विभागाचा पाच दिवसांचा पास पुरेसा आहे आणि त्याची किंमत सुमारे १७,००० येन आहे. त्यात विमानतळाची हारुका, शिन-ओसाका ते हिरोशिमा शिनकान्सेन आणि मियाजिमाची जेआरची बोट येते. क्योतो आणि शिन-ओसाका यांच्यामध्ये मात्र त्या पासवर शिनकान्सेन चालत नाही, तेवढ्या टप्प्यासाठी जेआरची साधी जलद गाडी घ्यावी, तिला अर्धा तास लागतो. क्योतो ते टोकियो सुटे तिकीट सुमारे १४,००० येनचे. म्हणजे माणशी ३१,००० येनमध्ये काम होते आणि दोघांचे मिळून ३८,००० येन वाचतात.

यजमानांसाठी एक खास सूचना. शिनकान्सेनच्या साध्या डब्यात एका बाजूला तीन आसने असतात आणि दुसऱ्या बाजूला दोन. डी आणि ई ही दोन आसनांची जोडी फुजीच्या बाजूला येते, गाडी कोणत्याही दिशेने जात असली तरी. शनिवारी सकाळची गाडी पकडा, कारण दुपारी ढग येतात. आरक्षण महिनाभर आधी जपानी वेळेनुसार सकाळी दहाला, म्हणजे आपल्या साडेसहाला उघडते, आणि सुटीचा शनिवार असल्याने ते त्याच दिवशी करावे. बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा जास्त होत असेल, तर सामानाच्या जागेसह असलेले आसनच आरक्षित करावे लागते.

मृद्गंध (पुणे)

आपणा सर्वांचे आभार. घाटमाथा यांच्या सांगण्याप्रमाणे काल रात्री आम्ही याद्या लिहिल्या. यजमानांच्या यादीत हिरोशिमा, रेल्वे संग्रहालय आणि गाडीतून फुजी हे होते. माझ्या यादीत बिझेन, कोराकुएन आणि क्योतोतील एका कुंभाराचे घर. हाकोने आणि ओसाका दोघांच्याही यादीत नव्हते, ते केवळ सगळे जातात म्हणून आराखड्यात आले होते. ती दोन्ही नावे आम्ही काढून टाकली.

वाटसरू यांची काळजी मला समजते. यजमानांचाही कल सुरुवातीला तिकडेच होता, पण याद्या पाहिल्यावर तेच म्हणाले की आपण आपले जाऊ.

आता पेच असा आहे की रेल्वे संग्रहालयात मला अर्ध्या तासापेक्षा जास्त रस वाटणार नाही, आणि भट्टी पाहताना ते घड्याळ पाहू लागतील.

घाटमाथा (कराड)

मग एक अर्धा दिवस वेगवेगळे फिरा. सोबत जाऊन वेगळे फिरणे आपल्याकडे थोडे चमत्कारिक वाटते, पण जपानसारख्या सुरक्षित देशात ते सहज जमते आणि संध्याकाळी दोघांकडे सांगण्यासारखे काही असते. तुम्ही ज्या घराचा उल्लेख केला ते कावाई कान्जिरो यांचे असावे. त्यांनी स्वतः घडविलेल्या लाकडी घराच्या मागे, उतारावर पायऱ्यांसारखी चढत गेलेली मोठी भट्टी तशीच राखली आहे. क्योतोचे रेल्वे संग्रहालय २०१६ मध्ये उघडले. तेथे वाफेच्या इंजिनांची अर्धवर्तुळाकार शेड आणि फिरती तबकडी आहे आणि आगगाड्यांचे वेड असलेल्या माणसाचे तीन तास सहज जातात. ते बुधवारी बंद असते, कावाईंचे घर सोमवारी. म्हणून गुरुवार १९ तारीख धरा.

वेगळे होताना तीन गोष्टी ठरवून घ्या: भेटण्याची जागा, भेटण्याची वेळ, आणि फोन बंद पडला तर काय करायचे. 'स्टेशनवर भेटू' एवढे पुरत नाही, कारण क्योतो स्टेशन हे एक लहान गावच आहे. हॉटेलच्या दालनात भेटणे सर्वांत सोपे.

तगर (ठाणे)

मला या धाग्यावर एका वेगळ्या बाबीकडे लक्ष वेधायचे आहे. आम्ही जपानलाच गेलो असताना माझ्या पतींना तिसऱ्या दिवशी रात्री पोटात तीव्र वेदना सुरू झाल्या. हॉटेलच्या माणसाने ११९ ला फोन केला आणि रुग्णवाहिका आली. मूत्रखड्याचा त्रास निघाला आणि दोन दिवसांत ते बरे झाले. पण त्या रात्री रुग्णालयाच्या बाकावर बसले असताना माझ्या हाती काय होते, तर माझा पासपोर्ट आणि थोडे सुटे येन. विमा पत्राची प्रत, पुढच्या हॉटेलची आरक्षणे, परतीचे तिकीट, सगळे त्यांच्या ईमेलवर आणि त्यांच्या फोनमध्ये, आणि फोन उघडायला त्यांचा अंगठा लागत होता. परिचारिका भाषांतराच्या यंत्रावर मला विचारीत होती की त्यांना कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, रोजच्या गोळ्या कोणत्या. गोळीचा रंग मला सांगता येत होता, नाव नाही.

म्हणून कळकळीने सांगते. दोघांच्याही फोनमध्ये सगळी कागदपत्रे, इंटरनेटशिवाय उघडतील अशी ठेवा. दोघांचेही स्वतःचे इंटरनेट असू द्या, एकाच्या फोनवरून दुसऱ्याने चालविण्याची काटकसर करू नका. एकमेकांच्या औषधांची नावे, मात्रा, रक्तगट आणि जुने आजार इंग्रजीत लिहिलेला कागद प्रत्येकाच्या पाकिटात असावा. विमा घेताना रक्तदाब, मधुमेह वगैरे काही लपवू नका, कारण दावा करताना तेच आधी तपासले जाते.

औषधांबाबत जपानचे नियम कडक आहेत. डॉक्टरांनी दिलेली नेहमीची औषधे एक महिन्यापुरती नेता येतात, त्याहून जास्त हवी असतील तर आधी परवानगी काढावी लागते. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्युडोएफेड्रिनचे प्रमाण दहा टक्क्यांपेक्षा अधिक आहे त्या नेण्यास बंदी आहे, आणि कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांवरही बंधने आहेत. आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यातून मूठभर गोळ्या उचलून पिशवीत टाकण्याची जी सवय असते, ती येथे टाळायलाच हवी. प्रत्येक पट्टीवरचे नाव वाचा आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा.

प्राजक्त (रत्नागिरी)

तगरताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

शाकाहाराविषयी मी सांगते, कारण मीही शाकाहारी आहे आणि माझे पती मासे आवडीने खातात. जपानमध्ये मांस टाळणे फारसे कठीण नाही, खरी अडचण दाशीची आहे. सुकविलेल्या बोनितो माशाचे पातळ काप आणि समुद्री शेवाळ यांच्यापासून केलेले हे पाणी मिसो सूपमध्ये, सोबा नूडल्सच्या रश्श्यात, उकडलेल्या भाज्यांत, इतकेच नव्हे तर इनारी सुशीच्या तोफूच्या पिशवीतही असते. ताटात मासा दिसत नाही म्हणून पदार्थ शाकाहारी समजू नये. 'निकु, साकाना, दाशी नाशी दे ओनेगाइ शिमासु' एवढे वाक्य पाठ करा, आणि तेच जपानी लिपीत फोनवर ठेवून दाखवा. वाक्याचा अर्थ मांस, मासे आणि दाशी नको, कृपा करून.

रोजच्या भुकेला सेव्हन-इलेव्हन, लॉसन आणि फॅमिलीमार्ट ही दुकाने उपयोगी पडतात. उमेबोशी म्हणजे खारवलेले आंबट फळ घातलेली भाताची ओनिगिरी, भाजलेले रताळे, फळे, दही, पाव. टोकियो स्टेशनात टीज् टानटान नावाचे पूर्णपणे वनस्पतिजन्य रामेनचे, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्सचे, दुकान आहे, आणि कोको इचिबान्या या करीच्या साखळीच्या अनेक शाखांत शाकाहारी करी मिळते, फक्त ती वेगळी मागावी लागते.

आमच्याकडे ठरलेली व्यवस्था अशी होती की दिवसातले एक जेवण दोघांनी एकत्र, माझ्यासाठी आधी शोधून ठेवलेल्या ठिकाणी घ्यायचे. दुसऱ्या वेळी ते त्यांना हवे ते खायचे आणि मी खोलीवर घरचे खायचे. दर वेळी भुकेल्या पोटी रस्त्यात उभे राहून दोघांना चालेल असे हॉटेल शोधत बसलो असतो, तर दोघांचाही जीव मेटाकुटीला आला असता. घरून मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, गूळपोळ्या, कोरडे धपाटे आणि उकळत्या पाण्यात होणारे पोह्या-उपम्याचे डबे न्यावेत. ताजी फळे, कढीपत्ता, कच्च्या भाज्या आणि कोणत्याही स्वरूपातले मांस नेऊ नये, विमानतळावर अडवितात. पाणी उकळण्याची किटली जवळपास प्रत्येक खोलीत असते.

खोलीबद्दलही सांगायला हवे. जपानी हॉटेलात 'सेमी-डबल' म्हणून जी खाट दाखवितात ती दोन प्रौढांना अरुंद पडते. तुम्ही 'ट्विन' म्हणजे दोन स्वतंत्र खाटांची खोली घ्या, गुडघ्यालाही आराम मिळेल. र्योकान म्हणजे पारंपरिक जपानी अतिथिगृहांचे दर अनेकदा माणशी असतात आणि त्यात दोन जेवणे धरलेली असतात, ते वाचूनच आरक्षण करा. गरम पाण्याच्या झऱ्यांची सार्वजनिक स्नानगृहे स्त्रियांची आणि पुरुषांची वेगळी असतात आणि तेथे कपड्यांशिवाय उतरावे लागते. ज्या दांपत्याला एकत्र आणि खासगीत स्नान हवे असेल त्यांनी तासाच्या हिशेबाने मिळणारे राखीव स्नानगृह आधी विचारून घ्यावे.

हिशेबनीस (नागपूर)

पैशाविषयी थोडक्यात.

सहल कंपनीचे पॅकेज घेतल्यास त्यावर टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच वसूल होणारा आयकर, भरावा लागतो. हा जादा खर्च नव्हे, तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्रात वजा करता येतो. त्याचे दर अलीकडच्या अर्थसंकल्पांत बदलत आले आहेत, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशीचा दर विचारावा. दांपत्याने येथे एक गोष्ट पाहावी: ज्याच्या नावाने पैसे भरले त्याच्याच पॅनवर रक्कम दिसते. पत्नीला करपात्र उत्पन्न नसेल आणि पैसे तिच्या खात्यातून गेले असतील, तर परताव्यासाठी तिचेही विवरणपत्र भरावे लागेल.

बहुतेक भारतीय कार्डांवर परकीय चलनातील खर्चावर दोन ते साडेतीन टक्के आकार आणि त्यावर जीएसटी लागतो. तिकडे यंत्राने रुपयांत घ्यावे की येनमध्ये असे विचारले तर येनच निवडावे, कारण रुपयांचा पर्याय जवळपास नेहमीच महाग पडतो. दोघांकडे वेगवेगळ्या खात्यांची कार्डे वेगवेगळ्या पाकिटांत असावीत आणि दोन्हींचे पिन दोघांना ठाऊक असावेत. सेव्हन-इलेव्हनमधील एटीएमवर परदेशी कार्डे चालतात. शहरातल्या रेल्वे-बससाठीचे सुईका किंवा इकोका कार्ड मात्र प्रत्येकाचे स्वतंत्र लागते, एका कार्डावर दोघांना फाटकातून जाता येत नाही.

एदोगावाकर (टोकियो)

व्हिसाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून सांगतो. एप्रिल २०२४ पासून भारतीय पर्यटकांना जपानचा ई-व्हिसा मिळतो, अर्ज अधिकृत व्हिसा केंद्रामार्फतच करायचा असतो. व्हिसा दिल्यापासून तीन महिन्यांत प्रवेश करावा लागतो, म्हणून अर्ज फार लवकर करू नये. दिवसवार कार्यक्रम मागतात, तेव्हा तुमचा तीन मुक्कामांचा आराखडा उपयोगी पडेल. खर्च एकाच्याच खात्यातून दाखविणार असाल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडावा. आणि एक महत्त्वाचे: विमानतळावर हा व्हिसा इंटरनेटला जोडलेल्या फोनवरच दाखवावा लागतो, छापील प्रत किंवा पडद्याचे छायाचित्र चालत नाही. तगरताईंनी दोघांच्या वेगळ्या इंटरनेटचा जो आग्रह धरला, त्याला हे आणखी एक कारण.

हिरोशिमाबद्दल माझे एक मत आहे. अनेकजण सकाळी शांतता स्मारक संग्रहालय आणि दुपारी मियाजिमा असे एकाच दिवसात उरकतात. त्या संग्रहालयात ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी शाळकरी मुलांच्या अंगावर असलेले कपडे, वितळलेले डबे आणि त्या मुलांच्या आयांनी जपून ठेवलेल्या वस्तू आहेत. ते पाहून बाहेर आल्यावर लगेच बोट पकडून हरणांचे फोटो काढायला जाणे मला जड जाते. सोमवारी १६ तारखेला ओकायामाहून जाऊन केवळ हिरोशिमा पाहा. संग्रहालयानंतर नदीकाठाने, अणुबॉम्बच्या स्फोटातून उरलेल्या घुमटापर्यंत चाला. मे २०२३ मध्ये बसविलेला महात्मा गांधींचा अर्धपुतळा तेथून जवळच आहे. संध्याकाळी शांतपणे परत या. मियाजिमा सोडून द्यावे लागले तरी चालेल.

घाटमाथा (कराड)

एदोगावाकर यांच्याशी पूर्ण सहमत. जाता जाता, पुढे कोणी हा धागा वाचून आखणी करणार असेल त्यांच्यासाठी: क्योतोतली एक रात्र कमी करून कोयासान या बौद्ध मठांच्या डोंगरावर एखाद्या मंदिरात मुक्काम करता येतो. तेथील भिक्षूंचे जेवण दाशीतल्या माशाशिवाय, पूर्ण शाकाहारी असते, आणि कोयासान विद्यापीठाच्या आवारात २०१५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभारला आहे. मृद्गंधताईंना मात्र मी हे सुचविणार नाही. नोव्हेंबरात तेथे कडाक्याची थंडी असते, आणि जमिनीवर बसणे, जमिनीवर झोपणे गुडघ्याला सोसणार नाही.

मृद्गंध (पुणे)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल कशा शब्दांत आभार मानू. आराखडा आता असा झाला आहे: ओकायामात तीन रात्री, त्यांत रविवारी कोराकुएन आणि बिझेन, सोमवारी केवळ हिरोशिमा. मग क्योतोत चार रात्री, बुधवारी पासच्या शेवटच्या दिवशी नारा, गुरुवारी सकाळी दोघे वेगळे. शनिवारी सकाळी डी आणि ई आसनांवरून टोकियो, आणि बुधवारी २५ ला परत. औषधांचे कागद मी कालच लिहायला घेतले. यजमानांच्या एका गोळीची मात्रा मध्यंतरी बदलली होती, ते मला ठाऊकच नव्हते.

दोन प्रश्न उरले आहेत. बिझेनला रविवारी दुकाने उघडी असतात का, आणि तेथे घेतलेली भांडी पुढच्या दोन मुक्कामांतून कशी सांभाळावीत?

एदोगावाकर (टोकियो)

बिझेनची भांडी जेथे मिळतात त्या गावाच्या स्टेशनचे नाव इन्बे. ओकायामाहून आको मार्गाच्या गाडीने सुमारे चाळीस मिनिटे लागतात. गाड्या तासाभराच्या अंतराने असल्याने परतीची वेळ उतरतानाच पाहून ठेवा. स्टेशनच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर अनेक कुंभारांची भांडी एकत्र मांडलेली आहेत, तेथे आधी सगळे पाहून मग गल्लीतल्या दुकानांत शिरावे. दुकाने प्रामुख्याने पर्यटकांवर चालतात, त्यामुळे रविवारी बहुतेक उघडी असतात. भांड्यावर तांबूस रेघा दिसतील, त्या रंगविलेल्या नसतात, भाजताना गुंडाळलेल्या भाताच्या पेंढ्याच्या खुणा असतात. आपण स्वतः माती हाताळता, तेव्हा भांडे हातात घेण्यापूर्वी एकदा विचारावे, आनंदाने देतात.

दुकानदार भांडे कागदात आणि बुडबुड्यांच्या वेष्टनात नीट बांधून देतात. ते हातातल्या पिशवीतच ठेवा. मोठ्या बॅगा मात्र ओकायामाच्या हॉटेलातून 'ताक्क्युबिन' सेवेने थेट क्योतोच्या हॉटेलवर पाठवा, आणि क्योतोहून टोकियोलाही तसेच करा. हॉटेलच्या स्वागतकक्षात फॉर्म भरून दिला की बॅग सहसा दुसऱ्या दिवशी पोहोचते. म्हणजे स्टेशनांतून जाताना तुमच्या हाती भांडी आणि यजमानांच्या हाती एका रात्रीपुरते कपडे, एवढेच सामान राहील. बॅग पाठविताना दोघांची औषधे आणि पासपोर्ट आत राहिलेले नाहीत ना, तेवढे कुलूप लावण्यापूर्वी पाहून घ्यावे.